विश्लेषण : हातमोज्यांच्या खोक्यावरचा ‘१.५’ नेमके काय सांगतो?

दवाखान्यातल्या हातमोज्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘एक्यूएल १.५’ असे छापलेले असते. अनेकांना ती जाडी वाटते. प्रत्यक्षात तो छिद्रांचा हिशेब आहे.

चाचणी कशी होते?

अगदी साध्या पाण्याने. हातमोजा नळीला उलटा अडकवून त्यात १००० मिलिलिटर पाणी ओततात. बोटे टम्म फुगतात. लगेच आणि पुन्हा दोन मिनिटांनी बाहेर थेंब येतो का, ते पाहतात. थेंब दिसला की हातमोजा सदोष. मनगटाच्या काठालगतची साधारण चार सेंटिमीटरची पट्टी मात्र हिशेबात धरत नाहीत.

सगळे हातमोजे तपासतात का?

नाही. पाणी भरलेला हातमोजा पुन्हा विकता येत नाही, म्हणून नमुने घेतात. आयएसओ २८५९ च्या कोष्टकानुसार एक लाखाच्या लॉटमधून, तपासणी स्तर १ असेल तर, २०० हातमोजे काढतात. १.५ एक्यूएलला त्यातले सात गळके निघाले तरी लॉट पास. आठवा निघाला की नापास.

२०० पैकी सात म्हणजे साडेतीन टक्के. मग दीड टक्का कुठे गेला? तर, खरोखर दीड टक्काच दोष असलेला लॉट निव्वळ योगायोगाने नाकारला जाऊ नये, यासाठी ही सवलत आहे. इंजिनीअरिंगला हे कोष्टक आम्ही गुणांपुरते वाचले. सवलत उत्पादकाच्या बाजूने झुकते, हे तेव्हा ध्यानातही आले नाही. अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना १.५, तर तपासणीच्या हातमोज्यांना २.५ ची मर्यादा आहे. २००८ पूर्वी तपासणीच्या हातमोज्यांसाठी ती चक्क ४ होती.

गळतीखेरीज ताणही पाहतात. ७० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवून, म्हणजे कृत्रिमरीत्या ‘म्हातारा’ करून, हातमोजा किती ओढ सोसतो ते मोजतात. युरोपीय मानकात तपासणीच्या नायट्राइल हातमोज्याने किमान ६ न्यूटन बल सोसावे लागते, व्हिनाइलला ३.६ पुरतात. स्वस्त खोके घेताना हा फरक विसरला जातो.

खरा प्रश्न कुठे आहे?

ही सगळी चाचणी कारखान्याच्या दारापर्यंतची. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबईत पोलिसांनी एका गोदामावर छापा घातला, तेव्हा वापरलेले हातमोजे धुऊन, वाळवून पुन्हा विक्रीसाठी भरले जात असल्याचे उघड झाले. अशा मालावर कोणताही आकडा छापता येतो. त्यामुळे निविदेत ‘नायट्राइल, मध्यम आकार’ एवढे लिहून भागणार नाही. लॉट क्रमांक आणि त्याच लॉटचा चाचणी अहवाल मागायला हवा. शिवाय माल उतरला की रुग्णालयानेच काही खोकी फोडून पाण्याची चाचणी करावी. नळी, मोजपात्र, घड्याळ आणि दोन कर्मचारी यांपलीकडे त्याला फारसे काही लागत नाही. खरेदी समितीने ती केली नाही, तर गळका हातमोजा सापडतो तो रक्त काढणाऱ्या परिचारिकेला, आणि तोही बोट ओले झाल्यावर.