बाळंतिणीचं दुखणं म्हणजे तप नव्हे



गेल्या पावसाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं गाव पोलादपूरजवळ, पुढे किराणा दुकान आणि मागे घर. बाळंतपण महाडच्या दवाखान्यात झालं, सगळं नीट पार पडलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन घरी आलो.

त्या रात्री बाळ रडायला लागलं की त्याच्याआधी लेकीचेच डोळे भरून यायचे. बाळाला छातीशी घेताना ती दात दाबून धरायची, पायाची बोटं आखडून घ्यायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. "मम्मी, आता नको गं आणू त्याला," असं ती म्हणाली. आणि मी काय म्हणाले? "सहन कर बेटा. आई होणं सोपं नसतं."

हे वाक्य २७ वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंनी मला ऐकवलं होतं. त्यांचंही चुकलं नाही, त्यांना त्यांच्या सासूने तेच सांगितलं असणार. मी नऊ दिवस सहन केलं आणि दहाव्या दिवशी घरात बाटली आली. "हिला दूधच नाही" असा शिक्का माझ्यावर बसला तो बसलाच. त्या बाटलीवर वाढलेलं बाळ म्हणजेच ही माझी लेक. पहिल्या वर्षात तिला जुलाब लागले की एसटीने महाड गाठायचं, हे किती वेळा केलं ते मला आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आली. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने घरी येऊन बाळ-बाळंतीण बघायची असते. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून पुढे आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले आणि १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आशाताईने बाळाचं वजन केलं आणि लेकीला म्हणाली, "आता पाज बघू माझ्यासमोर." मी तीन रात्री शेजारी बसले होते, पण बाळ तोंडात काय आणि किती धरतंय हे एकदाही बघितलं नव्हतं. ते फक्त टोक धरून ओढत होतं. आशाताईने लेकीची करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवायला लावली, पकड सुटली, मग बाळाला बाजूला घेतलं. नुसतं ओढून काढलं तर चिरा वाढतात, असं ती म्हणाली.

मग तिने पुन्हा पहिल्यापासून बसवलं. पाठीला उशी. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, डोकं, मान, पाठ एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लावलं आणि वाट बघितली. बाळाने जांभईसारखं मोठं तोंड उघडल्याबरोबर त्याला जवळ घेतलं. आई वाकली नाही, बाळ आईकडे आलं. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, भोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जवळजवळ सगळा तोंडात गेला. लेकीने दात दाबले होते ते सोडले. म्हणाली, "ओढल्यासारखं होतंय, पण तसं दुखत नाहीये."

कारण अगदी साधं आहे. बाळाने नुसतं टोक धरलं की ते जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चिरडतं. तोंड भरून धरलं की ते मागे मऊ टाळूपर्यंत पोचतं आणि दूधही नीट येतं. पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं तर पकड चुकली असं समजावं. पहिल्या काही दिवसांत सुरुवातीचे काही क्षण थोडं हुळहुळतं. पण पाजून होईपर्यंत दुखत राहिलं, चिरा पडल्या, रक्त आलं, तर ते सहन करायचं दुखणं नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल'मध्ये बाळाला कसं धरायचं ते दाखवणारे मराठी व्हिडिओही आहेत. नातवंडाची वाट बघणाऱ्या प्रत्येक आजीने ते आधी बघावेत असं मला वाटतं.

त्याच दिवशी छाती दगडासारखी भरून आली. बाळाला तोंडात धरताच येईना. पाजण्याआधी गरम पाण्याच्या कपड्याने शेकून हाताने थोडं दूध काढलं की पुढचा भाग मऊ होतो. पाजल्यानंतर थंड कपडा ठेवायचा. चिरांना स्वतःचंच दूध लावून वाळू द्यायचं.

शेजारच्या बायका येत होत्या, त्यांचं प्रेम खरं होतं. एकीने बाळाला मध चाटवायला सांगितलं. मध आपल्याकडे अभक्ष्य, म्हणून मी नाही म्हटलं, पण डॉक्टरही एक वर्षाच्या आत मध देऊ नका असंच सांगतात. दुसरी म्हणाली, "तुम्ही लसूण खात नाही, मग दूध कसं येणार?" तर मैत्रिणींनो, दूध लसणावर ठरत नाही. बाळ जितकं नीट ओढेल तितकं ते तयार होतं. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. आमच्या घरी चौविहार आहे, पण बाळंतिणीला नाही. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि हळिवाचे लाडू मी रात्रभर ठेवत होते.

२०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. अशा वेळी बाटली उकळायची कुठे आणि डब्याचं दूध कालवायचं कशात? आपल्या भागात पावसाळा दरवर्षी येतो. आईचं दूध टिकवणं ही इथे बाळाच्या जिवाची गोष्ट आहे, आणि ते टिकवायचं असेल तर आईचं दुखणं आधी थांबवायला हवं. मी दूध नव्हतं म्हणून बाटली आणली नव्हती, वेदना सोसवेना म्हणून आणली होती.

सहनशीलतेचा आपल्याला अभिमान असतो. पण तप माणूस स्वतःच्या इच्छेने, विवेकाने करतो. नाइलाजाने भोगलेल्या दुःखाला आपल्याकडे अकाम निर्जरा म्हणतात, तप नाही. आणि उपाय हाताशी असताना दुसऱ्याला "सहन कर" म्हणणं माझ्या मते अहिंसेतही बसत नाही.

स्तनावर लाल, गरम, दुखरा भाग दिसला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पाजणं मात्र थांबवू नका. पकड सुधारूनही दुखत असेल तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते दाखवून घ्या. बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल तर वाट बघू नका. आणि डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर वाटी-चमच्याने द्या, पण त्या आईला बोल लावू नका.

बाराव्या दिवशी बारसं झालं. चिरा तोपर्यंत भरल्या होत्या. पाळण्याजवळ बसून लेकीने मला विचारलं, "तुला तेव्हा कोणी दाखवलं नाही का गं?" मी नाही म्हणाले. पुढच्या बाळंतिणीने तिच्या आईला हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.