१९७८ ला ‘दंगल’ म्हणणं आता बंद करा

समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘सामूहिक वर्तन’ असा एक धडा असतो. गर्दी, जमाव, अफवा, दंगल आणि शेवटी सामाजिक चळवळ. गर्दीत शिरला की माणूस विवेक गमावतो, असं गुस्ताव ल बाँ हा फ्रेंच लेखक १८९५ मध्ये सांगून गेला. नांदेड-लातूरची आपली पोरं हे मार्कांसाठी पाठ करतात. करा. पण एकदा आपल्याच मातीला लावून बघा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. पुढे जे घडलं त्याला लोक आजही ‘नामांतराची दंगल’ म्हणतात. दंगलीला दोन बाजू लागतात. इथे वस्त्या जळाल्या त्या एकाच बाजूच्या. गावकीची कामं नाकारणारे, गायरान कसणारे, पोरांना शिकवणारे आधीपासूनच डोळ्यांत खुपत होते. बेभान जमावाला नेमकी बौद्धवाडा कुठे आहे हे बरं कळलं! नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे तर मातंग समाजाचे. ‘जयभीम’ सोडला नाही म्हणून जिवे मारले गेले. विवेक कोणाचा सुटला नव्हता, हिशेब चुकता केला जात होता.

दुसरा सिद्धांत सापेक्ष वंचिततेचा. हक्काचं वाटतं ते मिळत नाही म्हणून माणूस पेटतो, असं टेड गर १९७० मध्ये म्हणाला. हा सिद्धांत नेहमी आपल्यालाच लावतात. जाळणाऱ्यांना लावा ना! त्यांची जमीन, सोसायटी, पाटीलकी जागेवरच होती. तरी पदवीच्या कागदावरचं एक नाव सहन झालं नाही.

आणि आपण? १९७९ चा लाँग मार्च, तुरुंग, लाठ्या, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंचं आत्मदहन. सोळा वर्षं. १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो नामविस्तार. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थांबद्दल आदरच आहे. पण पोचिरामांच्या जिल्ह्यातल्या पोराच्या पदवीवर आज बाबासाहेबांचं नाव नाही, हेही खरंच.

दर १४ जानेवारीला आपण बॅनर लावतो, डीजे लावतो. लाँग मार्चमध्ये विशीत चाललेला माणूस आता साठी ओलांडून गेलाय. त्याच्याजवळ कोण बसतं? या वर्षी प्रोजेक्टला हाच विषय मागा. सर नाही म्हणाले, तर कारण लेखी घ्या.