घरकुल मंजूर, जागा नाही : जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर

प्रत : मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, जव्हार

विषय : घरकुलासाठी गावठाण विस्तारातून व वनजमिनीतून जागा मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या-अंगठे करणारे जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतले भूमिहीन व अल्पभूधारक ग्रामस्थ आहोत. घरकुलाच्या यादीत आमची नावे आहेत, पण पाया खणायला जमीन नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पण एवढी, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागा विकतो कोण? रस्त्याकडेचा मालक एकरांत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो. ते गिऱ्हाईक मुंबई-नाशिककडून येते, त्याला थंड हवेत फार्महाऊस हवे असते. वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. बंदर डहाणूच्या किनाऱ्यावर होणार, पण त्याच्या नावाने भाव आमच्या डोंगरावरही सांगितले जातात.

जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. हे कुंपण सैल करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र त्यामुळे बाहेरच्यांची सारी झुंबड उरलेल्या थोड्या बिगर-आदिवासी जमिनीवर पडते आणि तिथे आमचा लाख रुपया बोलीत उभाच राहत नाही. आपसात घ्यावी, तर सातबारा अजून आजोबांच्या नावावर. सहहिस्सेदारांपैकी निम्मे दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला गेलेले. एक सही राहिली की दस्त अडतो, दस्त अडला की हप्ता अडतो, आणि कार्यालयात शेरा पडतो, ‘लाभार्थी उदासीन’.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी गावठाणाची. कुटुंबे वाढली, पाडे पसरले, गावठाणाची हद्द मात्र जुनीच राहिली. कलम 122 खाली ती ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. प्रत्येक महसुली गावात सरकारी जमीन कुठे व किती आहे, याची मोजणी करून गावठाण वाढवावे आणि भूखंड आधी घरकुलधारकांना द्यावेत.

जिथे सरकारी जमीन नाही, तिथे वन आहे. सप्टेंबर 2020 मध्ये मा. राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून वनहक्क कायद्यात बदल केला आणि गावाशेजारच्या वनजमिनीवर घरासाठी जागा देण्याची वाट मोकळी केली. अधिसूचना निघाली त्याला वर्षे लोटली. आमच्या तालुक्यांतल्या किती ग्रामसभांचे ठराव आले, किती मंजूर झाले आणि बाकीचे कोणत्या टेबलावर आहेत, हे लेखी कळवावे.

जागा खरेदीची मदत त्या-त्या गावच्या चालू भावाशी जोडण्याची शिफारस शासनाकडे करावी. वारस नोंदी व वाटपाची शिबिरे होळीनंतर, माणसे पाड्यावर परतल्यावर घ्यावीत. जानेवारीत घेतलेल्या शिबिराला फक्त म्हातारी माणसे आणि तलाठी भेटतात. घर पूर्ण करण्याची मुदत जागेचा ताबा मिळाल्या दिवसापासून मोजावी आणि तोवर जागेअभावी कोणाचेही घरकुल रद्द करू नये. आदिवासी नोकराच्या नावावर दुसऱ्याच्या पैशाने जमीन घेतल्याच्या तक्रारी आल्यास त्यांची चौकशी ग्रामसभेसमोर व्हावी.

या मागण्यांवर प्रांताधिकारी, वन विभाग आणि गटविकास अधिकारी यांची एकत्र बैठक जव्हार येथे लावावी. पालघरला येण्यात आमची एका दिवसाची मजुरी जाते.

आपले नम्र,
जव्हार व मोखाडा तालुक्यांतील घरकुलधारक ग्रामस्थ

सोबत : सह्या व अंगठ्यांचे कागद, ग्रामसभा ठरावांच्या प्रती