हस्ताक्षराचा फॉन्ट: पत्रिकेवर शोभतो, नोटिशीवर नाही!

लग्नसराई आली की नांदेड-लातूरच्या पत्रिका आणि फ्लेक्सच्या दुकानांत एक मागणी हमखास होते, 'अक्षर हातानं लिहिल्यासारखं पाहिजे.' मागणी चुकीची नाही. पण आता हेच तिरपं, मोकळं अक्षर क्लासच्या फी-पत्रकावर आणि पाणीपुरवठ्याच्या सूचनेवरही दिसू लागलं आहे. तिथे ते अडचणीचं ठरतं.

हा फॉन्ट म्हणजे काय?
देवनागरीतलं सहज सापडणारं उदाहरण म्हणजे 'कलम'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि व्यवसायासाठीही वापरता येतो. बॉलपेनने भरभर लिहावं तशी त्याची अक्षरं तिरकी आहेत. तो युनिकोड असल्यामुळे मजकूर मोबाइलवर कॉपी करता येतो, शोधताही येतो. दुकानांतल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला तर निरर्थक चिन्हं दिसतात.

मोडीचा धडा
मराठीला जलद लिपी नवी नाही. हात फारसा न उचलता लिहिता यावं म्हणून मोडी वापरात होती. त्यात लिहिणाऱ्याचा वेळ वाचायचा. पुढे छपाईत बाळबोध रुळली आणि मोडी वाचणारे कमी होत गेले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. कागद होता, पण ज्याचं नाव त्यात होतं त्याच्याच घरच्यांना तो वाचता येत नव्हता.

मोडीत निदान वेग तरी मिळत होता. कॉम्प्युटरवर टाइप करताना तिरप्या अक्षराने कोणाचाच वेळ वाचत नाही. मिळतो तो फक्त आपलेपणा. म्हणून जिथे आपलेपणा हवा, तिथेच तो वापरावा.

कुठे वापरावा?
• पत्रिकेवरची वधू-वरांची नावं, शुभेच्छापत्र, घरगुती लोणच्या-पापडाचं लेबल, कॅफेची पाटी.
• एक-दोन ओळींपुरताच. हाताने लिहिताना प्रत्येक 'अ' थोडा वेगळा येतो. फॉन्टमध्ये बहुधा सगळे एकसारखे असतात. लांब परिच्छेदात हा बनाव उघडा पडतो.

कुठे टाळावा?
• तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर, फी, औषधाची सूचना.
• सरकारी नोटीस आणि अर्ज. घाईच्या अक्षरात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत होते. आडनावात अशी चूक झाली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात.

छापण्याआधी
अक्षरांत जादा अंतर सोडू नका, शिरोरेषा तुटते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात का, ते पाहा. आणि नमुना घरातल्या आजोबांना मोबाइलवर दाखवा. ते अडखळले तर साधा फॉन्ट घ्या. पत्रिका सुंदर असावीच, पण पाहुणे योग्य दिवशी, योग्य मंगल कार्यालयात पोहोचणं जास्त महत्त्वाचं.