तलाव घराचा की गावाचा?

नागपूरभोवतालच्या फार्महाउसांत आणि बंगल्यांच्या आवारांत खासगी तरणतलाव ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बांधू इच्छिणाऱ्यापुढे ठेकेदार मुख्यतः तीन पर्याय ठेवतो. काँक्रीटचा तलाव हव्या त्या आकाराचा व टिकाऊ होतो, परंतु त्याला वेळ आणि पैसा अधिक लागतो. फायबरग्लासचा तयार साचा थोड्या दिवसांत बसतो, मात्र आकार कारखाना ठरवील तोच. व्हिनाइलचे अस्तर सुरुवातीला स्वस्त पडते, पण काही वर्षांनी बदलावे लागते. शिवाय पावसात फुगणारी व उन्हात भेगाळणारी इथली काळी माती तिन्ही प्रकारांची परीक्षा पाहते. या साऱ्या चर्चेत पाण्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात ४८ हजार लिटर पाणी मावते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे मान्य केले. त्या मापाने हे सुमारे ८७० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. तेच पाणी गाळून पुन्हा वापरता येते, हे खरे. तथापि वैशाखात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडाले असे धरले, तरी ३२० लिटरची रोजची तूट येते. पाच माणसांच्या कुटुंबाचा हक्क २७५ लिटरांचाच आहे! पैसा ज्याचा त्याचा असेल. बोअरमधून उपसलेले भूजल मात्र शेजाऱ्याच्या विहिरीचेही असते.

कन्हानकरांना हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्या नदीचे पाणी नागपूर पिते. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, पेंचवरील तोतलाडोह आटला आणि नागपुरात दिवसाआड पाणी सोडण्याची पाळी आली. २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला व राख कन्हान नदीपर्यंत पोहोचली.

याच नदीत कामगार वस्त्यांतील मुले पोहावयास उतरतात. वाळूच्या उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातला पाय एकाएकी डोहात जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून दर्शनाला आलेले पाच तरुण कन्हान नदीत बुडाले. पोहणे ज्यांना जीव वाचविण्यासाठी यावयास हवे, त्यांच्यासाठी शिकण्याची जागा नाही, आणि ज्यांना ते करमणुकीसाठी हवे, त्यांच्या अंगणात तलाव आहे. खरी विषमता ती ही.

म्हणून तलावाच्या प्रकाराचा प्रश्न घराऐवजी गावाच्या संदर्भात विचारला पाहिजे. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद व १.२ मीटर खोल अशा सार्वजनिक तलावाला तीन लाख लिटर पाणी लागेल. चाळीस-चाळीस मुलांच्या सहा तुकड्या रोज उतरल्या, तर दर मुलामागे १,२५० लिटर पाणी पडते. पाच जणांच्या खासगी तलावात हाच आकडा ९,६०० होतो. बांगलादेशाने तर याहून साधी वाट काढली. तेथे खेड्यांतील तळ्यांतच बांबूचा तळ व कठडा उभारून लहान मुलांना पोहणे शिकविले जाते.

कन्हान-पिपरी नगरपरिषदेकडे कार्यकर्त्यांनी अशा तलावाची मागणी लावून धरावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी राखावा लागतो. परिसरातील कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडून त्यातला वाटा मागण्यास संकोच कसला? मात्र तलाव झाल्यावर तो चढ्या शुल्काच्या क्लबाकडे चालविण्यास जाऊ नये. प्रशिक्षित जीवरक्षक, मुलींसाठी राखीव वेळ व महिला शिक्षक आणि मजुराच्या मुलाला परवडेल एवढीच फी, या अटी पहिल्या ठरावातच लिहून घ्याव्यात. महाडच्या चवदार तळ्याचे दार कागदावर १९२४ सालीच उघडले होते. तरी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे विसरता येत नाही.