अंडे कोणत्या बाजूने फोडावे?

भाषांतरमीमांसेच्या तासाला एक विधान हमखास केले जाते. यंत्राच्या भाषेत संदिग्धता नसते, तेथे एका शब्दाला एकच अर्थ असतो, म्हणून भाषांतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने फक्त माणसाच्या भाषेत उद्भवतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत ते आपल्याला परत मिळते. आम्हीही ते अनेक वर्षे केले. हे विधान आम्हांस आता मागे घ्यावयाचे आहे. साहित्याच्या वर्गातून संगणकाच्या व्यवसायात गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या कामाचे स्वरूप आम्हांला समजावून सांगितले, तेव्हापासून हे मनात घोळत आहे. एका प्रणालीवर चालणारा, नेटवर्कशी अगदी खालच्या थरावर बोलणारा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रणालीवर चालता करणे, हे त्याचे काम. व्यवसायात याला ‘पोर्ट करणे’ म्हणतात. ‘सुवाह्य’ असा एक मराठी शब्द परिभाषाकारांनी घडवला आहे. तो वापरणारा प्रोग्रॅमर अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. दोन यंत्रांनी परस्परांशी बोलावयाचे तर प्रोग्रॅम आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे एक ‘सॉकेट’ मागतो, त्यात लिहितो, त्यातून वाचतो. ही मागणी करण्याची जी शब्दावली आज जगभर रूढ आहे ती बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून, १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून आली. विंडोजने पुढे तीच उचलली, विन्सॉक १.१ हा तिचा दस्तऐवज १९९३ चा. नावे बहुतांशी तीच ठेवली, आणि सारे घोटाळे या सारखेपणातून निघाले. अनोळखी भाषेपुढे भाषांतरकार सावध असतो. शेजारच्या भाषेत तो गाफील राहतो.

पहिला घोटाळा मात्र या दोन प्रणालींहून जुना आहे आणि तो थेट आपल्या अभ्यासक्रमातून गेला आहे. मोठी संख्या एकाहून अधिक बाइटांत लिहावी लागते. मग आधी मोठ्या वजनाचा बाइट ठेवावा की लहान? काही यंत्रे एक पद्धत पाळत, काही दुसरी. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने या वादावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना नावे दिली ती जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून (१७२६): बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू यांच्यात जे युद्ध पेटते, त्यातली ही नावे. स्विफ्टने धर्मपंथांच्या भांडणाची टर उडवली होती. अडीचशे वर्षांनी तीच टर अभियंत्यांना लागू पडली आणि त्यांनी ती आपली परिभाषा म्हणून स्वीकारली. उपहासातून जन्मलेला शब्द इतक्या निर्विकारपणे तांत्रिक होऊन बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही. कोहेनचे म्हणणे साधे होते. कोणता क्रम निवडता हे गौण, सर्वांनी एकच निवडावा हे महत्त्वाचे.

नेटवर्कने मोठे टोक निवडले. आता गंमत पाहा. आज घरोघरी आणि खिशोखिशी असलेली यंत्रे जवळजवळ सगळी लहान टोकवाली आहेत. म्हणजे दोन लिटल-एंडियन यंत्रे परस्परांशी बोलताना एक आपली संख्या उलटी करून पाठवते, दुसरे ती पुन्हा उलटी करून घेते. मधल्या तारेवर जी भाषा चालते ती दोघांपैकी कोणाचीच मातृभाषा नाही. ज्यांची ती मातृभाषा होती त्या यंत्रांपैकी मोठाले मेनफ्रेम वगळता फारसे कोणी उरलेले नाही, पण तिचे प्रमाणत्व अबाधित आहे. प्रमाणभाषेवर वाद घालणाऱ्यांनी या स्थितीचा विचार करावा. आणखी एक बारकावा येथे आहे. हा उलटापालट करण्याचा संस्कार लिहावयास विसरलेला प्रोग्रॅम बिग-एंडियन यंत्रावर बिनचूक चालतो, कारण तेथे घरचा क्रम आणि प्रमाण क्रम एकच. चूक असते, पण तिथल्या लेखकाला ती दिसूच शकत नाही. तोच प्रोग्रॅम लिटल-एंडियन यंत्रावर नेला की ८० क्रमांकाचे दार उघडण्याऐवजी तो २०४८० क्रमांकाचे दार उघडून बसतो आणि पाहुणे भलतीकडे टकटक करीत राहतात.

आपल्या लिपीलाही याची झळ लागते. युनिकोडमध्ये ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५०. दोन बाइटांत लिहिला तर ९ आणि ४६. हेच बाइट उलट क्रमाने वाचले तर ११७८५ हा क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर बायबलच्या नव्या कराराच्या पाठचिकित्सेत वापरला जाणारा एक कंस आहे. शब्दांचा क्रम हस्तलिखितांत बदललेला आहे हे दाखवणारा कंस! पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हा योगायोग सांगितला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. (केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत हा प्रश्न उरत नाही, आणि आजचे बहुतेक मराठी मजकूर त्याच पद्धतीने प्रवास करतात.)

दुसरे उदाहरण आम्हांला सर्वांत बोलके वाटते. हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या नवख्याला आपण ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘राग’ या शब्दांपासून सावध करतो. रूप तेच, अर्थ वेगळा. सॉकेटच्या शब्दावलीत असाच एक शब्द आहे, ‘रियूज-अ‍ॅड्रेस’: पत्ता पुन्हा वापरू द्या. युनिक्सकुळातील प्रणालींत त्याचा व्यवहारातला अर्थ असा. एखादा सर्व्हर बंद केला तरी त्याच्या जुन्या संभाषणांचे अवशेष काही काळ प्रणालीपाशी रेंगाळतात आणि तोवर तेच दार पुन्हा मागितले तर नकार मिळतो. हा शब्द उच्चारला की प्रणाली त्या अवशेषांकडे दुर्लक्ष करते. भाडेकरू खोली सोडून गेला आहे, सामान उचलायचे राहिले आहे, तरी नव्याला आत येऊ द्या, इतकेच. विंडोजवर हाच शब्द उच्चारला तर जुना भाडेकरू आत राहत असतानाही दुसरा त्याच खोलीत बिऱ्हाड थाटू शकतो, आणि येणारा पाहुणा कोणाला भेटेल याची खात्री राहत नाही. अर्थात एखाद्या दुष्ट प्रोग्रॅमला दुसऱ्याचे दार बळकावण्याची ही आयती सोय झाली. पुढे मायक्रोसॉफ्टला ‘हा पत्ता माझ्या एकट्याचा’ असे सांगणारा स्वतंत्र पर्याय काढावा लागला. मूळ संहितेतला शब्द जसाच्या तसा ठेवणे हे येथे विश्वासू भाषांतर ठरत नाही. मूळ अर्थ राखावयाचा तर विंडोजवर तो शब्द गाळावाच लागतो.

यावर आक्षेप येतो. प्रोग्रॅम चालतो की नाही हे चालवून पाहता येते, कवितेच्या भाषांतराला अशी कसोटी नाही. मग ही तुलना म्हणजे नुसते रूपक नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. पण वरचे उदाहरण पुन्हा पाहावे. तो प्रोग्रॅम विंडोजवर विनातक्रार चालतो, साऱ्या चाचण्या पार करतो. दोष उघडा पडतो तो दुष्ट हेतूचा तिसरा कोणी येईल तेव्हा. ‘चालते’ हा पुरावा तेथेही अपुराच आहे.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. हजारो संभाषणे एकाच वेळी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला कोणत्या सॉकेटवर काय घडले हे प्रणालीने कळवावे लागते. लिनक्स आणि बीएसडी कळवतात, ‘आता वाचता येईल’. विंडोजची त्यासाठीची यंत्रणा कळवते, ‘वाचून झाले’. एक शक्यार्थ, दुसरा पूर्ण भूतकाळ. फरक वरवरचा वाटतो, पण पहिल्या रीतीत निरोप आल्यावर भांडे घेऊन जायचे असते, दुसरीत भांडे आधीच देऊन ठेवावे लागते. दहा हजार संभाषणांसाठी दहा हजार भांडी. नोड-जेएस विंडोजवर नेण्याच्या खटपटीतून २०११ मध्ये ‘लिबयूव्ही’ ही संहिता आकारास आली, तिच्या कर्त्यांनी वरच्या थराला पूर्ण भूतकाळच बोलायला लावले. उलट दिशेची एक युक्तीही प्रोग्रॅमरांनी शोधली आहे: शून्य बाइट वाचण्याची विनंती करायची. ती ‘वाचून झाली’ असा निरोप आला की समजावे, आता खरोखर काही वाचण्याजोगे आले आहे. काहीच न मागता मागण्याची ही रीत आम्हांला फार आवडली.

मग भाषांतर करावेच कशाला, असा प्रश्न डेनिस रिची आणि स्टीफन जॉन्सन यांच्या पिढीपुढेही होता. सी भाषेतले प्रोग्रॅम परक्या यंत्रांवर नेताना खरी अडचण यंत्राची नसून भोवतालच्या ऑपरेटिंग सिस्टीमची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा १९७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच उचलून इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेऊन ठेवले. पुस्तकाचे भाषांतर जमत नाही तर देशच हलवला म्हणायचा! हा मोह अजून सुटलेला नाही. विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये एक दुभाषी थर दिला, जो लिनक्सची प्रत्येक विनंती विंडोजच्या भाषेत सांगत असे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत दुभाष्याच्या जागी खराखुरा लिनक्स गाभाच आणून बसवला. थकलेल्या दुभाष्याबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. पण देश आणून ठेवल्याने दोन देशांतला फरक कोणी वाचला असे होत नाही, तो केवळ भिंतीआड जातो.

आमचा कौल लिबयूव्हीसारख्या संहितांच्या बाजूने आहे. फरक कोठे आहे, कोणी सोसला, कशाच्या बदल्यात सोसला, हे तेथे प्रत्येक प्रणालीसाठी वेगळ्या ठेवलेल्या पानांवर वाचता येते. १९९२ मध्ये हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी, दर चार ओळींनी ‘अमुक प्रणाली असेल तर’ अशी अट घालून मजकूर विद्रूप करण्याविरुद्ध एक निबंध लिहिला होता. ओळीओळीत कंस घालून अर्थ सांगणाऱ्या भाषांतरांनी वैतागलेल्या कोणत्याही वाचकाला तो पटेल.

येत्या सत्रात स्विफ्टच्या शेजारी कोहेनचे टिपण वाचावयास द्यावे, असे आम्ही विभागाच्या बैठकीत सुचवले आहे. ते अठराव्या शतकाच्या पेपरात घालायचे की भाषांतराच्या, एवढ्यावर चर्चा अडली आहे.