लहरी लोकांच्या, चावी दुकानदाराची

लिनक्सवर रेडिओ केंद्र चालवू या म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला. "त्यावर साउंड कार्ड धड चालत नाही हो!" इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. म्हणजे, येतो थोडासा.

तर आधी त्याचाच निकाल लावू. लिनक्समधला आवाज 'आल्सा' सांभाळते. कार्डं ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने ती त्यांना नंबर देते. मशीन रीस्टार्ट झालं आणि यूएसबी कार्डाआधी मदरबोर्डवरचं कार्ड सापडलं, की नंबरांची अदलाबदल! गाणं केबिनच्या स्पीकरवर आणि ट्रान्समीटरकडे शांतता. उपाय? कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून नंबर पक्का करायचा. डेस्कटॉपचा पल्सऑडिओ किंवा पाइपवायर तेच कार्ड धरून बसतो, त्याला प्रसारणाच्या कार्डापासून लांब ठेवायचं. सॅम्पल रेट सगळीकडे एकच. पुढचं गाणं हेडफोनवर ऐकायला वेगळं आउटपुट. झालं.

हे सोपं आहे असं सांगणारे लिनक्सभक्त थापा मारतात. कठीण आहे. पण ते एकदाच कठीण आहे. डोंगलवर चालणारं बंदिस्त सॉफ्टवेअर सुरुवातीला सोपं असतं आणि नंतर कायमचं कठीण.

मी पाहिलेल्या एका केंद्रात डोंगल बिघडली. विकणारा फोन उचलेना. आत होत्या जात्यावरच्या ओव्या, वर्षानुवर्षं गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेल्या. गाणाऱ्या आज्यांपैकी काही आता हयात नाहीत. त्यांचा आवाज डिस्कवर आहे, पण त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही. याला काय म्हणायचं?

आता 'रिव्हेंडेल' बघा. २००२ पासून अमेरिकेत घडत आलेलं, जीपीएल परवान्याचं रेडिओ ऑटोमेशन. प्रत्येक ध्वनी एका ठरलेल्या फोल्डरमध्ये साधी वेव्ह फाइल म्हणून राहतो, नावं आणि वेळापत्रक डेटाबेसमध्ये. दोन्हींचा बॅकअप घ्या. उद्या रिव्हेंडेल बंद पडलं तरी आजीचा आवाज कुठल्याही प्लेअरवर वाजेल.

"पण बिघडलं तर बोलवायचं कुणाला?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्तर: गावातल्याच दोन पोरांना शिकवा, केलेली प्रत्येक सेटिंग वहीत लिहा. दर वर्षी परवान्याला जाणारा पैसा त्या पोरांच्या हातात द्या. सामुदायिक रेडिओतला 'समुदाय' फक्त माइकसमोर बसण्यापुरताच आहे का?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही केंद्रं काढता आली. इतकं झगडून मिळवलेली हवा आपण पुन्हा एका यूएसबीच्या तुकड्याला बांधून टाकतो, आणि कारण देतो साउंड कार्डाचं!

असो. सॉफ्टवेअर घ्यायला निघालात तर विक्रेत्याला एवढंच विचारा: तुमचं दुकान उद्या बंद झालं तर आमचे आवाज आम्हाला कसे मिळतील? उत्तर लेखी मागा.